पेशीला कळतं म्हणे!

पेशीवाली

परवा मावसबहिणीच्या मुलाच्या मुंजीत मामानं मला पंगतीतून उठवून कोपऱ्यात नेलं. खिशातून चौपदरी घडी घातलेलं चकचकीत पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरांत 'स्टेम सेल थेरपी' आणि खाली यादी : गुडघे, मधुमेह, पार्किन्सन, टक्कल, मुलांचा स्वमग्नपणा. सगळ्यावर एकच इंजेक्शन. मामानं गुडघ्यात एक घेऊनही टाकलं होतं, दुसऱ्याचे पैसे भरायचे बाकी होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "अगं, पेशीला कळतं कुठं काय बिघडलंय ते. जाते आणि तेच होते."

आता मी सात वर्षं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवते. शास्त्रज्ञ नाही मी, शास्त्रज्ञांच्या पेशींना रोज खाऊ घालणारी आहे. रविवारीसुद्धा. त्यामुळे 'पेशीला कळतं' हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. पंगत बसली होती, जिलबी आली होती, म्हणून तिथं गप्प बसले. इथं बोलते.

तुमच्या डोळ्यातल्या, यकृतातल्या आणि मेंदूतल्या पेशीत डीएनए एकच आहे. एका पेशीतला सगळा उलगडला तर साधारण दोन मीटर भरतो. तो रिळासारख्या प्रथिनांवर गुंडाळून ठेवलेला असतो. या रिळांना हिस्टोन म्हणतात. आठ हिस्टोनांचं एक रीळ, त्यावर डीएनएच्या १४७ अक्षरांचा वेढा, मग पुढचं रीळ. जिथं गुंडाळी घट्ट तिथलं जनुक वाचता येत नाही, जिथं सैल तिथलं वाचलं जातं. घट्ट-सैल ठरवायला हिस्टोनांच्या शेपटांवर बारीक रासायनिक खुणा असतात, शिवाय खुद्द डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के. अक्षर एकही बदलत नाही, काय वाचायचं आणि काय नाही एवढंच बदलतं. या सगळ्या कारभाराला एपिजेनेटिक्स म्हणायचं.

वॅडिंग्टन नावाच्या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं १९५७ साली यासाठी एक चित्र काढलं : डोंगरउतारावरून एक गोटी घरंगळतेय, खाली दऱ्यांना फाटे फुटत गेलेत. मला ते चित्र पाहिलं की महाबळेश्वर आठवतं. पावसाचे दोन थेंब माथ्यावर हातभर अंतरावर पडतात. एकाची सावित्री होते आणि तो बाणकोटच्या खाडीत जातो. दुसरा कृष्णेत पडून पार आंध्र ओलांडतो आणि बंगालच्या उपसागरात उतरतो. माथ्यावर दोघांत काही फरक नव्हता, पण वाईला पोचलेल्या थेंबाला 'आता कोकणात जा' म्हणून काही उपयोग नाही. स्टेम सेल म्हणजे माथ्यावरचा थेंब, पुढं काय व्हायचं ते अजून न ठरलेली पेशी.

तेव्हा पेशीला कळत वगैरे काही नाही. पेशीला आठवतं. आपण कुठून आलो आणि वाटेत कुठली दारं बंद झाली, एवढं ती पक्कं लक्षात ठेवते.

आमच्याकडे काय चालतं ते सांगते. माणसाच्या त्वचेतून किंवा रक्तातून घेतलेल्या पेशी मागे नेऊन माथ्यावर बसवलेल्या असतात (कशा, ते कुणी विचारलं तर सांगेन). त्यांच्या हृदयपेशी करायच्या. पहिल्या दिवशी एक औषध घालायचं, साधारण चोवीस तास ठेवायचं, काढायचं. तिसऱ्या दिवशी पहिल्याच्या बरोबर उलटं काम करणारं दुसरं औषध. मग नुसतं मीडियम (पेशींचा पातळ खाऊ) बदलत राहायचं आणि वाट बघायची. आठव्या दिवसापासून पुढं कधीतरी सकाळी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी, तर एका कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडत असतो. आपलाआपण. ठक्... ठक्... थांबून पुन्हा ठक्. दुपारपर्यंत अख्खी पट्टी एका तालात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मास्क लावलेला असूनही "हलतंय!" म्हणून ओरडले होते.

आता गंमत बघा. तेच पहिलं औषध पाचव्या दिवशी पुन्हा घातलं तर हृदय होत नाही, उलट बिघडतं. औषध तेच, पेशीत डीएनएही तोच, पण मधल्या चार दिवसांत काही दारं बंद झाली, काही उघडली. म्हणून तोच निरोप आता तिला वेगळा ऐकू येतो. मामाच्या गुडघ्यात सुईनं सोडलेल्या पेशीला हे निरोप कोण देणार होतं, कुठल्या दिवशी, किती तास?

---

रानवाट

वाचतेय. व्हिडिओ टाका ना हलणाऱ्या पेशींचा!

---

पेशीवाली

@रानवाट, प्रयोगशाळेतलं काही बाहेर टाकायची परवानगी नाही हो. शोधलंत तर ढिगानं मिळतील.

---

खवचट खंडू

लेख छान, पण एपिजेनेटिक्स शब्द ऐकला की माझा हात पाकिटाकडे जातो. इन्स्टावर एक बाबा सांगत होता की पणजीनं दुष्काळ सोसला म्हणून तुम्हाला राग येतो, माझा कोर्स घ्या, जनुकं बदला. तुमचं ते रीळ आणि त्याचा हा कोर्स यात फरक काय? खुणा बदलतात म्हणे. बदलून काही होतं याला पुरावा? (दिवा घ्या, चेष्टा आहे.)

---

पेशीवाली

@खवचट खंडू, दिवा घेतला. बाबाला माझ्याकडूनही दोन शब्द सुनवा. माणसात पणजीकडून पणतूपर्यंत या खुणा उतरतात का, हा वादाचा विषय आहे आणि पुरावा कच्चा आहे. गर्भ तयार होताना बहुतेक शिक्के पुसले जातात. मी बोलतेय ते एकाच शरीरातल्या पेशींबद्दल. यकृताची पेशी दुभंगली की दोन्ही लेकी यकृताच्याच का होतात? कारण डीएनएची नक्कल होत असताना एक विकर मागोमाग जाऊन जुन्या धाग्यावरचे मिथाइल शिक्के नव्या धाग्यावर उमटवत जातं. ही स्मरणशक्ती शंभर टक्के रोकडी आहे.

पुरावा म्हणाल तर १९७९ चा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. टेलर आणि जोन्स या दोघांनी उंदराच्या साध्या, कशाच्याच कामाच्या नसलेल्या पेशींना ५-अझासायटिडीन नावाचं औषध दिलं. ते मिथाइलचे शिक्के पुढे उमटू देत नाही. काही दिवसांनी त्याच बशीत आकुंचन पावणारे स्नायू दिसले, चरबीच्या पेशी दिसल्या, कूर्चा (सांध्यांत असते ती गादी) सुद्धा. नवं जनुक एकही घातलं नव्हतं, फक्त कुलपं ढिली केली होती. पण बघा, ढिली केली तर तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या, पाहिजे ती एकच नाही. आपल्या विषयातली सगळी कटकट तिथंच आहे. कुलूप उघडणं सोपं, नेमकं तेच उघडणं कठीण.

---

डॉक्टरीणबाई

@पेशीवाली, भर घालते. तेच अझासायटिडीन आज आम्ही रक्ताच्या काही आजारांत, मायलोडिसप्लासियात वापरतो. त्या बशीतल्या प्रयोगानंतर या आजारासाठी मंजुरी मिळायला त्याला पंचवीस वर्षं लागली.

---

बोकोबाची आई

अवांतर असेल तर क्षमस्व, पण आमच्याकडे तिरंगी मांजर आहे (काळी-केशरी-पांढरी). जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. त्याचा या कुलपांशी संबंध आहे का?

---

पेशीवाली

@बोकोबाची आई, अवांतर कसलं, तुम्ही बाणच मारलात!

मादीत एक्स गुणसूत्रं दोन, नरात एकच. एकानं भागतं, म्हणून गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी त्यातलं एक कुलूपबंद करते. कुठलं, ते चिठ्ठी टाकल्यासारखं. मग त्या पेशीची सगळी पिलावळ तोच निर्णय पाळते. केशरी रंगाचं जनुक एक्सवर असतं. जिथं केशरीवालं एक्स उघडं राहिलं तिथं केशरी ठिगळ, जिथं बंद तिथं काळं. तुमच्या मांजरीच्या पाठीवर एपिजेनेटिक्सचा नकाशाच आहे, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारा.

पुढची गोष्ट आणखी भारी. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये पहिली मांजर क्लोन केली. जिच्यापासून केली ती तिरंगी होती. पिल्लू झालं ते मात्र पांढरं आणि पट्टेरी, केशरीचा ठिपकाही नाही. डीएनए हुबेहूब. पण ज्या पेशीतून केंद्रक घेतलं होतं तिच्यात केशरीवालं एक्स बंद होतं आणि क्लोन करतानाही ते कुलूप निघालंच नाही. पेशीला आधीच्या आयुष्यातलं आठवत राहिलं. पिल्लाचं नाव 'कॉपीकॅट' ठेवलं होतं, आणि नेमकी कॉपीच बिनसली.

---

निवृत्त मास्तर

उत्तम धागा. आम्ही ३२ वर्षे दहावीला शिकवले की पेशी एकदा विशेषित झाली की परत फिरत नाही. आपण लिहिता 'मागे नेऊन माथ्यावर बसवलेल्या'. कृष्णेचे पाणी परत महाबळेश्वरी कसे चढवलेत ते कृपया सविस्तर सांगावे. नातीला वाचून दाखवणार आहे.

---

पेशीवाली

मास्तर, नमस्कार. तुम्ही शिकवलंत ते चुकीचं नव्हतं, आपणहून ती परत फिरत नाहीच. ढकलावी लागते.

पहिल्यांदा ढकललं जॉन गर्डन यांनी, १९६२ साली. बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक निकामी केलं आणि तिथं टॅडपोलच्या (बेडकाच्या पिल्लाच्या) आतड्याच्या पेशीचं केंद्रक बसवलं. त्यातून पोहणारे टॅडपोल निघाले. म्हणजे आतड्याच्या पेशीत अख्खा बेडूक लिहिलेला शाबूत होता, फक्त कुलपात होता, आणि अंड्याच्या रसात सगळ्या किल्ल्या होत्या. क्लोन केलेली डॉली मेंढी १९९६ ची, तीच युक्ती.

मग जपानात शिन्या यामानाका यांनी विचारलं, अंडं कशाला हवं, किल्ल्या कुठल्या तेवढं सांगा. त्यांच्या गटानं २४ जनुकांची यादी केली. सगळी मिळून घातली तर उंदराच्या साध्या पेशी माथ्यावर गेल्या. मग एकेक जनुक वगळून बघितलं, कुणावाचून अडतं. उरली चार : ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. हे २००६ साली, पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर. २०१२ चं नोबेल गर्डन आणि यामानाका यांना विभागून मिळालं. दोघांच्या प्रयोगांत चव्वेचाळीस वर्षांचं अंतर, प्रश्न एकच. नातीला हे नक्की सांगा.

पण ही चढण फार वाईट आहे. सुरुवातीच्या प्रयोगांत हजारात एखादी पेशीसुद्धा वर पोचत नव्हती. बाकीच्या अर्ध्या वाटेवर अडकायच्या किंवा मरायच्या, कारण जुनी कुलपं सुटता सुटत नाहीत. मग लोकांनी कुलपं ढिली करणारी औषधं सोबत द्यायला सुरुवात केली. व्हॅल्प्रोइक आम्ल दिलं, आकडा वाढला. साधं क जीवनसत्त्व दिलं, वाढला, कारण शिक्के पुसणाऱ्या विकरांना ते लागतं. आणखी एक : चारातलं सी-मिक कर्करोगातही सापडणारं जनुक. त्यामुळे उंदरांत गाठी व्हायला लागल्या आणि पुढे त्याला टाळायच्या वाटा शोधाव्या लागल्या.

माथ्यावरच्या पेशीत एक मजेशीर अवस्था असते, ती सांगून थांबते. हृदय, मज्जातंतू, हाड यांची कळीची जनुकं तिथं पूर्ण बंदही नसतात आणि उघडीही नसतात. त्यांच्या रिळांवर 'बंद' आणि 'उघड' या दोन्ही खुणा एकाच वेळी सापडतात. दाराला कुलूप आहे, पण किल्ली कुलपातच लटकतेय, असं. हे २००६ मध्येच कळलं. पेशी एका वाटेला लागली की त्या वाटेची दारं उघडतात आणि बाकीच्या दारांच्या किल्ल्या कुणीतरी काढून नेतं.

---

चौरस आहार

पण मग मांजरीसारखं माणसाच्या पेशींचंही होत असेल ना? आधीचं आठवणं?

---

पेशीवाली

होतं! २०१० मध्ये दोन-तीन गटांनी दाखवलं. रक्तातून माथ्यावर नेलेल्या पेशी पुन्हा रक्त व्हायला चटकन तयार, त्वचेतून नेलेल्या कुरकुरतात. वर वर सगळ्या सारख्याच दिसतात, पण काही जुने मिथाइल शिक्के राहून गेलेले असतात. भरपूर पिढ्या वाढवल्या की ते फिकट होत जातात.

आम्हाला हे रोज भोगावं लागतं. एका दात्याची पेशी आठव्या दिवशी ठोके देते. दुसऱ्या दात्याची, त्याच मीडियमात, त्याच हातानं, बारा दिवस झाले तरी ढिम्म. कडेला पसरट, भलत्याच पेशी उगवतात, त्या मी सूक्ष्मदर्शकाखाली पिपेटच्या टोकानं खरवडून काढते. निंदणीच की ती. आजी भाताच्या खाचरात करायची, मी एसीत करते.

आणि जी हृदयपेशी ठोके देते तीही वयानं गर्भातल्या बाळाच्या हृदयासारखीच असते. मोठ्यांच्या हृदयासारखी पिकवणं अजून नीट जमलेलं नाही.

---

चामोर्शीकर

मी गडचिरोलीचा. आमच्या घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, धाकट्या बहिणीला. दुखायला लागलं की रात्र रात्र ओरडते. पेपरात आलं होतं की स्टेम सेल आणि जनुक कापून हा आजार बरा केला. ते आणि तुम्ही लिहिता ते एकच आहे का? आम्हाला त्याचा काही उपयोग आहे का, की नुसतं मोठ्या लोकांचं?

---

डॉक्टरीणबाई

@चामोर्शीकर, याचं उत्तर मी देते, रोजचं काम आहे.

आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, गर्भाचं. जन्मानंतर सहा महिन्यांत त्याचं जनुक हळूहळू कुलूपबंद होतं आणि मोठ्यांचं सुरू होतं. सिकलसेलचा दोष या मोठ्यांच्या जनुकात आहे. म्हणून या मुलांना जन्मतः त्रास नसतो, कुलूप लागल्यावर सुरू होतो. गर्भाचं जनुक मात्र शरीरात आयुष्यभर शाबूत पडून असतं. तेच पुन्हा उघडलं तर?

ते कुलूप लावणाऱ्या कारभाऱ्याचं नाव बीसीएल-११-ए. तोच गर्भाच्या जनुकाजवळ हिस्टोन घट्ट करणारी टोळी बोलावतो. पण त्याला सरसकट काढून चालत नाही, कारण प्रतिकारशक्तीच्या काही पेशींना तो हवा असतो. इथं निसर्गानं सोय ठेवलीय. या जनुकाला वेगवेगळ्या पेशींत चालू करणारी बटणं वेगवेगळी आहेत. नव्या उपचारात रुग्णाच्याच अस्थिमज्जेच्या, रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल बाहेर काढतात आणि फक्त लाल पेशींच्या वाटेवर चालणारं बटण क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीनं मोडतात. मग पेशी परत शरीरात सोडतात. पुढे त्यांच्यातून लाल पेशी होतात तेव्हा कारभारी गैरहजर आणि गर्भाचं हिमोग्लोबिन सुरू. ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेनं डिसेंबरमध्ये परवानगी दिली. तेव्हा हो, हा याच धाग्याचा विषय आहे, आणि मला विचाराल तर त्यातलं आजवरचं सर्वांत पक्कं यश.

आता दुसरा प्रश्न. अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली. शिवाय पेशी परत घालण्याआधी जबर केमोथेरपी देऊन मज्जा रिकामी करावी लागते, वंध्यत्वाचा धोका असतो. त्यामुळे आज आपल्यासाठी हे नाही, खोटं कशाला सांगू. पण हायड्रॉक्सियुरिया नावाची स्वस्त गोळी आहे. तीही गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे तेच कुलूप थोडंसं किलकिलं करते. बहिणीला ती चालू आहे का? नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. रक्ततपासण्या करत राहावं लागतं, पण दुखण्याचे झटके कमी होतात. भावंडांपैकी कुणाची मज्जा जुळत असेल तर प्रत्यारोपणाचाही मार्ग आहे, आणि तो आपल्या देशात होतो.

---

चामोर्शीकर

गोळी चालू होती, मध्ये बंद केली. केस गळतात असं कोणीतरी सांगितलं म्हणून. उद्याच जातो. धन्यवाद मॅडम.

---

डॉक्टरीणबाई

जा. आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.

---

नवी आई

बाळाच्या नाळेचं रक्त साठवायचा फॉर्म हॉस्पिटलात आमच्या हातात दिलाय, भरू का? 'बाळाचा आयुष्यभराचा विमा' म्हणतात.

---

डॉक्टरीणबाई

नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसला झालं आणि यशस्वी झालं. ते रक्त रुग्णाचं स्वतःचं नव्हतं, बहिणीचं होतं. बाळाला आनुवंशिक आजार असेल तर तोच दोष त्याच्या नाळेतही असतो. घरात आधीच अशा आजाराचं भावंड असेल तर विचार करा, नाहीतर ते पैसे बाळाच्या नावानं बँकेत टाका.

---

दूरदेशी

मधुमेहाचं काय? पहिल्या प्रकारच्या, लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्यांच्या. इथं अमेरिकेत बरीच चर्चा आहे.

---

पेशीवाली

ते खरं आहे. स्टेम सेलपासून प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या इन्सुलिनवाल्या पेशी पूर्ण तयार करायच्या आणि मगच यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडायच्या. २०२५ मध्ये निकाल आले, पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं. पण शरीरानं त्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात.

'पूर्ण तयार करायच्या आणि मगच' हे शब्द माझ्या मामासाठी आहेत. जपानमधल्या कोबेला २०१४ मध्ये सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच त्वचेपासून बनवलेला पडद्यामागचा थर बसवला. तो केवढा, तर १.३ बाय ३ मिलिमीटर. नजर सुधारली नाही, पण ढासळायची थांबली. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसले तेव्हा तयार असलेलं ऑपरेशन थांबवलं. थांबवलं! मी ज्यांना शहाणे म्हणते ते असे असतात.

---

गोळीवाला

वरती व्हॅल्प्रोइक आम्ल लिहिलंय ते फिटवर देतात तेच का? माझं मेडिकल आहे, रोज विकतो.

---

पेशीवाली

तेच. हिस्टोनांची गुंडाळी सैल ठेवण्याचा गुण त्यात आहे.

---

डॉक्टरीणबाई

आणि म्हणूनच गरोदरपणात ते धोक्याचं. बाळाच्या मणक्यात व्यंग येऊ शकतं, त्यामागे हा गुणही असावा असं मानलं जातं. ज्या बाईला मूल हवंय तिनं आधीच डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्यायची. मनानं बंद मात्र करायची नाही, फिट आली तर दोघांनाही धोका.

---

खवचट खंडू

बरं, मान्य. बाबाला अनफॉलो केलं. पण मामांच्या गुडघ्यात नक्की काय टोचलं असेल?

---

पेशीवाली

@खवचट खंडू, बहुधा पोटाच्या चरबीतून किंवा मज्जेतून काढून गाळलेलं मिश्रण. त्यातल्या पेशी कूर्चा होऊन बसतात असं दिसत नाही, बऱ्याचशा काही दिवसांत नाहीशा होतात. असलाच तर परिणाम त्या सोडतात त्या रसायनांचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीत रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर बाकी सगळं फक्त मंजूर प्रायोगिक उपचार-चाचण्यांत करा असं लिहिलंय, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. मामानं तर पावती घेतलीय.

काल रात्री त्याला फोनवर हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. मांजरीपाशी हसला, चामोर्शीकरांपाशी गप्प झाला. शेवटी म्हणाला, "मग त्यांनाच विचारतो, माझ्या पेशी कुठल्या होत्या आणि त्यांना काय करायला शिकवून पाठवलं होतं." आज सकाळी विचारलं म्हणे. तिकडच्या पोरीनं दोन मिनिटं होल्डवर ठेवलं, गाणं वाजलं, मग परत येऊन विचारलं, "सर, उजवा गुडघा की डावा?"